वाट चुकलेलें रक्त

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या जीवनांत किती खोल मुरलें आहे, हें त्या भागांतील उसाचे फड पाहिल्यावांचून समजावयाचें नाहीं. भाटघरच्या धरणांत सांठलेलें पाणी नदीच्या पात्रानें वीर येथें येतें, तेथें कालव्यांत वळतें, कालव्यांतून चाऱ्यांत, चाऱ्यांतून पोटचाऱ्यांत, आणि शेवटीं दारें धरणाऱ्या माणसाच्या खोऱ्यासरशीं एकेका सरींत शिरतें. शेतांत मुरून उरलेलें पाणी ओढ्यांना मिळतें व ओढे पुन्हां नीरेस मिळतात. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर हा कालवा खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास तो वाहूं लागला. आतां अशी कल्पना करावी कीं, या कालव्याच्या भरावास वरच्या अंगास भगदाड पडलें असून सारें पाणी शेतांस न शिवतां परस्पर नदींत जात आहे. नदीचें पाणी कमी झालेलें नाहीं. कालव्याच्या मुखाशीं उभ्या असलेल्या माणसास कालवाहि भरून वाहतांना दिसतो. परंतु खालचीं शेतें सुकत चाललीं आहेत, आणि जें पाणी जमिनींतून गाळून यावयाचें तें तसेंच गढूळ पुढें गेलें आहे. मनुष्याच्या पोटांत क्वचित् हाच प्रकार जन्मतः घडलेला असतो.

आंतडीं, जठर आणि प्लीहा यांचें रक्त इतर अवयवांच्या रक्ताप्रमाणें सरळ हृदयाकडे जात नाहीं. तें एका मोठ्या शिरेंत गोळा होतें. शीर म्हणजे शास्त्रीय भाषेंत नीला; या नीलेस पोर्टल नीला असें नांव आहे. पोर्टा म्हणजे द्वार. यकृताच्या ज्या खांचेंतून ही नीला आंत शिरते, तिला प्राचीन वैद्य यकृताचें द्वारच म्हणत. आंत गेल्यावर तिला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात, आणि अन्नरसानें भरलेलें तें रक्त यकृताच्या पेशींच्या रांगांमधून झिरपत जातें. तेथें त्यांतील साखर सांठविली जाते, आंतड्यांत उत्पन्न झालेल्या अमोनियाचा युरिया बनतो, कित्येक अपायकारक द्रव्यें निर्विष होतात. आणि मग तें रक्त यकृताच्या माथ्यावरील नीलांवाटे अधोमहानीलेंत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागाचें रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेंत, पडतें. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश या पोर्टल नीलेचें असतें. उरलेलें धमनीवाटे येतें. चरक व सुश्रुत या दोघांनींहि रक्तवह स्रोतसांचें मूळ म्हणून यकृत व प्लीहा यांचें नांव घेतलें आहे. तें आजच्या अर्थानें नव्हे हें खरें. तरी रक्ताशीं या दोन अवयवांचा कांहीं विशेष संबंध आहे, ही गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती.

एखाद्या मुलाच्या पोर्टल नीलेस मात्र जन्मतःच आडवाट फुटलेली असते, आणि तिचें रक्त यकृतास टाळून परस्पर अधोमहानीलेस किंवा तिच्या एखाद्या शाखेस मिळतें. गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास पोटांत कित्येक तात्पुरत्या शिरा बनतात, एकमेकींस मिळतात आणि त्यांतील बऱ्याचशा पुढें नाहींशा होतात. जी जावयाची ती टिकली, किंवा जी टिकावयाची ती गेली, म्हणजे हा दोष उत्पन्न होतो. आईच्या पोटांत असतांना तर प्रत्येकच मुलास निसर्गानें अशी एक आडवाट दिलेली असते. वारेकडून येणारें प्राणवायुयुक्त रक्त लवकर हृदयास पोंचावें, हा तिचा हेतु. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते. क्वचित् तीच उघडी राहते, आणि काल जी सोय होती ती आज रोग ठरते. अशा सर्व प्रकारच्या आडवाटा मिळून सुमारें तीस हजार जन्मांमागें एक, असा आजचा अंदाज आहे. यकृताच्या आंतल्या आंत असणाऱ्या बारीक वाटांपैकीं पुष्कळशा पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप बुजतात. ज्या बुजत नाहींत, त्यांचा इतिहास दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे. आणि त्यांतील बहुतेक काळ हा कांहीं न करतां आल्याचा आहे.

१७९३ सालीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील जॉन ॲबर्नेथी या शस्त्रवैद्यानें रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेवला. त्याचें वय तेव्हां तिशीच्या आंतच होतें. पुढें तो आपल्या व्याख्यानांमुळें आणि फटकळ जिभेमुळें सर्व लंडनभर प्रसिद्ध झाला. निबंधांत सुमारें दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवाचें वर्णन होतें. तिच्या हृदयाची मांडणी नेहमीसारखी नव्हती. यकृताची धमनी नेहमीपेक्षां मोठी होती. आणि पोर्टल नीला यकृतांत न शिरतां मूत्रपिंडांच्या पातळीजवळ सरळ अधोमहानीलेस मिळाली होती. ॲबर्नेथीला यांत नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. पित्त हें पोर्टल नीलेच्या रक्तापासून बनतें, असा तेव्हांच्या विद्वानांचा समज होता. आणि येथें तर त्या रक्ताचा थेंबहि यकृतास मिळत नसतां पित्ताशयांत पित्त होतें! धमनीच्या रक्तापासूनहि पित्त बनूं शकतें, हा त्यानें काढलेला निष्कर्ष. मुलीस काय होत होतें, ती कशानें गेली, या आडवाटेचा तिच्या मरणाशीं कांहीं संबंध होता काय, या प्रश्नांना त्याच्या निबंधांत स्थान नाहीं. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. जें केवळ शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतें, त्यावर उपचाराचा विचार कोण करणार?

याच सुमारास पुण्यांत शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठी गोष्ट घडत होती, आणि ती या संदर्भांत लक्षांत घेण्यासारखी आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैलगाडी हांकणारा कावसजी नांवाचा इसम १७९२ च्या लढाईंत टिपूच्या हातीं लागला व त्याचें नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातींतील एका कसबी माणसानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवें नाक करून दिलें. ही क्रिया मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ मध्यें ती हकीकत छापून आली. त्या निनांवी पुणेरी कारागिराचें कौशल्य ॲबर्नेथीच्या ज्ञानाहून कमी प्रतीचें होतें, असें कोणी म्हणूं नये. फरक इतकाच कीं, नाक दिसत होतें आणि पोर्टल नीला दिसत नव्हती. जिवंत माणसाच्या पोटांतील शीर डोळ्यांस दिसूं लागेपर्यंत या रोगावर कोणाच्याहि सुरीचा इलाज नव्हता.

दिसण्याच्या आधीं मात्र तिचें कार्य समजलें, आणि तें कुत्र्यांमुळें समजलें. १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय एक या लष्करी डॉक्टरानें आठ कुत्र्यांची पोर्टल नीला अधोमहानीलेस जोडून दिली. म्हणजे निसर्गानें त्या इंग्रज मुलीच्या पोटांत जें केलें होतें, तेंच त्यानें बुद्ध्या केलें. सात कुत्रीं आठवड्याच्या आंतच मेलीं. आठवें सुमारें अडीच महिने जगलें आणि एके दिवशीं प्रयोगशाळेंतून पळून गेलें. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर डॉक्टरांनीं ही जोडणी निर्धोक मानली, हें आज वाचतांना हंसूं येतें. १८९३ सालीं, म्हणजे ॲबर्नेथीच्या निबंधास बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्याच शहरांत पाव्हलॉव्ह व त्याचे सहकारी यांनीं हा प्रयोग अधिक दक्षतेनें केला, आणि पाळलेल्या जनावरांची नुसती गणती न करतां त्यांच्या वागणुकीकडे लक्ष दिलें. हीं कुत्रीं शस्त्रक्रियेंतून बरीं होत, हिंडूं फिरूं लागत; परंतु मांस खाल्लें कीं चिडखोर होत, झोकांड्या खात, जणुं आंधळीं होत, त्यांना झटके येत व तीं बेशुद्ध पडत. कित्येकांनीं तर मांस आपण होऊनच सोडून दिलें. मांसापासून उत्पन्न होणारा अमोनिया यकृतांत न निवतां मेंदूपर्यंत पोंचतो, हें कारण या प्रयोगांतून पुढें आलें. जन्मतः आडवाट असलेलें मूल वर्गांत सुस्त कां बसतें, त्याचें लक्ष कां लागत नाहीं, त्याचा स्वभाव एकाएकीं हट्टी किंवा उदास कां होतो, याचें उत्तर त्या कुत्र्यांनीं देऊन ठेवलें होतें. तें मुलांना लागू करण्यास आणखी पाऊणशें वर्षांहून अधिक काळ गेला.

मधल्या काळांत एक गमतीची उलटापालट झाली. पोर्टल नीला किंवा यकृत कठीण होऊन रक्ताला पुढें वाट मिळेनाशी झाली, म्हणजे मागचा दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तळाशीं शिरा फुगतात आणि त्या फुटून रुग्ण रक्ताच्या गुळण्या टाकतो. अशा रुग्णांचा जीव वांचविण्यासाठीं शस्त्रवैद्य स्वतःच आडवाट पाडूं लागले. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें व्हिपल व ब्लेकमोर यांनीं या शस्त्रक्रियेस नवें बळ दिलें, आणि पुढें ती जगभर पसरली. भारतांत पोर्टल नीला लहानपणींच बुजलेलीं मुलें पुष्कळ आढळत असल्यामुळें येथील शस्त्रवैद्यांचा हातहि या कामांत चांगला बसला. अर्थात् आडवाट पाडण्याची विद्या आधीं आली आणि बुजविण्याची मागाहून. तरी या उलट्या क्रमाचा एक लाभ झाला. या शिरांना हात कसा लावावा, त्या कशा शिवाव्या, दाब किती वाढला म्हणजे आंतडें काळवंडूं लागतें, हें शस्त्रवैद्यांस त्या शस्त्रक्रियांनींच शिकविलें.

दिसण्याचा प्रश्न पायरीपायरीनें सुटत गेला. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला, पण क्ष-किरणांत शिरा दिसत नाहींत. त्यांत क्ष-किरण अडविणारें औषध भरावें लागतें. १९५१ सालीं इटलींतील डॉक्टरांनीं बरगड्यांमधून प्लीहेंत सुई घालून असें औषध सोडलें, आणि जिवंत माणसाची पोर्टल नीला कांचेवर झाडाच्या सावलीसारखी उमटली. १९५७ सालीं पॅरिसच्या कुइनो यानें यकृताचे शिरांच्या फांट्यांवरून आठ भाग पाडून दाखविले. हातीं नकाशा आला.

मुंबईच्या परळ भागांतील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेलें के. ई. एम., या इतिहासांत येतें तें याच काळांत. १९२६ सालीं सुरू झालेल्या या रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदय व रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रियेचें मोठें केंद्र उभें केलें. १९६८ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिलें हृदयारोपण त्यांनींच येथें केलें, आणि लोकांच्या स्मरणांत त्यांचें नांव राहिलें तें त्यामुळें. त्याच्या आदल्या वर्षीं झालेलें एक काम मात्र डॉक्टरांच्याबाहेर फारसें कोणाला माहीत नाहीं. १९६७ सालीं सेन, किनरे, केळकर, परुळकर या मंडळींनीं इटलींतील तुरीन येथून निघणाऱ्या एका नियतकालिकांत एका रुग्णाचा वृत्तांत आणि तत्पूर्वीं जगांत प्रसिद्ध झालेल्या तशा रुग्णांचा आढावा छापला. विषय होता अधोमहानीलेंतील जन्मजात पडदा.

हा दोष ॲबर्नेथीच्या दोषाचा भाऊबंद खरा, पण उफराटा. तेथें रक्त यकृतास टाळून जातें. येथें तें यकृतांत येतें आणि बाहेर पडूं शकत नाहीं. यकृताच्या नीला जेथें अधोमहानीलेस मिळतात, तेथून हृदयापर्यंतचें अंतर अगदीं थोडें असतें. तेवढ्यांत, बहुधा हृदयाच्या अलीकडेच, एक पातळ किंवा जाड पडदा वाट अडवून बसलेला असतो. रक्त तुंबतें, यकृत सुजतें, पोटांत पाणी होतें, पाय सुजतात, आणि अडलेलें रक्त पोटाच्या व पाठीच्या कातडीखालच्या शिरा फुगवून वर चढूं पाहतें. जलोदर दिसला कीं दारू किंवा क्षय यांवर बोट ठेवण्याची जी संवय सर्वत्र असते, तिच्यामुळें असे कित्येक रुग्ण चुकीच्या औषधांवर गेले असले पाहिजेत. पाठीवरच्या त्या फुगलेल्या, खालून वर वाहणाऱ्या शिरा पाहण्यासाठीं रुग्णास पालथें निजवावें लागतें, एवढेंच. त्याला यंत्र लागत नाहीं.

यावरचा इलाज साठीच्या दशकाच्या आरंभीं जपानांत किमुरा यांनीं दाखविला. छाती उघडून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून बोट खालीं अधोमहानीलेंत घालावयाचें आणि पडदा फाडावयाचा. शस्त्रक्रिया ऐकावयास सोपी, परंतु धडधडत्या हृदयांतून आंधळेपणानें बोट घालणें सोपें नव्हे. सत्तरच्या दशकांत जपानांतच मांडीच्या शिरेंतून नळी नेऊन, तिच्या टोकावरील फुगा फुगवून तोच पडदा फाडण्याची युक्ति निघाली, आणि आज बहुतेक ठिकाणीं छाती न उघडतां हेंच केलें जातें. हा पडदा खरोखर जन्मजात असतो काय, याविषयीं पुढें मोठा वाद माजला. नेपाळ, भारत, दक्षिण आफ्रिका अशा देशांतील गरीब वस्तींत तो अधिक आढळतो, आणि बहुधा मोठ्या वयांत आढळतो. त्यावरून शिरेंत रक्त गोठून व तें वाळून मागाहून पडदा बनतो, असें बहुतेक अभ्यासक आज मानतात. तेव्हां के. ई. एम. च्या वृत्तांताच्या मथळ्यांतील ‘जन्मजात’ हा शब्द आज कदाचित् टिकणार नाहीं. परंतु यकृताच्या शिरांतील वाट बिघडली असतां ती शोधतां येते आणि मोकळी करतां येते, हा विचार महाराष्ट्रांतील एका सार्वजनिक रुग्णालयांत त्या काळीं रुजला, हें मोल कमी होत नाहीं.

ॲबर्नेथीच्या दोषाकडे जगाचें पुन्हां लक्ष गेलें तें ध्वनिलहरींच्या तपासणीमुळें. सत्तरच्या दशकांत सी. टी. यंत्र आलें, पुढें सोनोग्राफींत रक्ताचा प्रवाह कोणत्या दिशेस व किती वेगानें चालला आहे हें दाखविणारी डॉप्लर पद्धति रुळली. पोटावर एक दांडी फिरवितांच, सुई न टोंचतां, तान्ह्या मुलाची पोर्टल नीलाहि पाहतां येऊं लागली. पूर्वीं ज्या गोष्टी क्वचित् शवांत सांपडत, त्या आतां चालत्या बोलत्या मुलांत सांपडूं लागल्या. १९९४ सालीं मॉर्गन व सुपेरिना यांनीं या आडवाटांचे दोन वर्ग पाडले. पहिल्यांत पोर्टल नीलेचें सर्व रक्त बाहेर जातें आणि यकृतांत तिची शाखाच नसते. दुसऱ्यांत यकृतांतील शाखा शाबूत असते, पण शेजारून गळती असते. दुसऱ्या वर्गांत गळती बांधली कीं काम झालें. पहिल्या वर्गांत ती बांधली तर आंतड्यांच्या रक्ताला कोठेंच वाट उरत नाहीं. तेथें यकृत बदलण्यावांचून गति नाहीं, असें ठरलें.

हें वर्गीकरण नीटनेटकें होतें, आणि नीटनेटक्या वर्गीकरणांचा जो धोका असतो तो त्यांतहि होता. कालव्यास भगदाड पडून दहा वर्षें लोटलीं, तर खालच्या चाऱ्या कोरड्या पडून गाळानें भरतात. वरून पाहणारा म्हणेल कीं येथें चारी नव्हतीच. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील डॉक्टरांनीं व इतरांनीं अशा मुलांच्या आडवाटेंत फुगा नेऊन ती कांहीं वेळ बंद करून पाहिली, आणि बंद असतांना पोर्टल नीलेंत औषध सोडून चित्र घेतलें. जेथें कांहींच नाहीं असें वाटत होतें, तेथें पुष्कळ मुलांत केंसासारख्या बारीक शाखा उमटल्या. रक्ताविना त्या मिटल्या होत्या, मेल्या नव्हत्या. ज्यांस यकृतारोपणाच्या यादींत जावें लागलें असतें, अशीं कित्येक मुलें या एका तपासणीनें परत फिरलीं. वाट आधीं बंद करून पाहिल्याशिवाय पहिल्या वर्गाचा शिक्का मारूं नये, हा नियम आज बहुतेक केंद्रांत पाळला जातो.

याच तपासणींत दाब मोजला जातो, आणि पुढचा सर्व निर्णय त्यावर ठरतो. पोर्टल नीलेंतील नेहमींचा दाब पाऱ्याच्या ५ ते १० मिलिमीटरांच्या आसपास असतो. फुगा फुगवितांच तो माफक वाढला, तर आडवाट एकदमच बंद करतां येते. तो तिसांच्या पलीकडे चढूं लागला तर तसें करणें घातक. आंतड्यांत रक्त तुंबतें, नीलेंत गुठळी धरते. नीरेच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांस हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. कोरडवाहू जमिनीवर पाण्याचा लोंढा आल्यामुळें तेथील किती जमिनी पाणथळ झाल्या, खारावल्या व चोपण बनल्या हें त्यांनीं पाहिलें आहे. आणि पाणी नेमून, पाळीपाळीनें देण्याची ‘ब्लॉक’ पद्धति विश्वेश्वरय्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं याच कालव्यावर आणली होती. शस्त्रवैद्यहि अशा मुलांत तेंच करतात. पहिल्या वेळीं पोट उघडून आडवाटेभोंवतीं पट्टी घालून ती अरुंद करतात. कांहीं आठवडे वा महिने यकृतांतील मिटलेल्या शाखांना हळूहळू रक्ताची संवय होते, त्या रुंदावतात. मग पुन्हां दाब मोजून उरलेली वाट कायमची बांधतात. जेथें आडवाट लांब व अरुंद असते, तेथें पोट न उघडतां मानेच्या किंवा मांडीच्या शिरेंतून निकेल-टायटॅनियमच्या तारेची जाळीदार गुंडी नेऊन ती बुजवितां येते. आडवाट आंखूड व रुंद असेल तर गुंडी निसटून हृदयांत जाण्याचें भय असतें, आणि तेथें अजूनहि सुरीच श्रेष्ठ ठरते. ज्यांच्या यकृतांत खरोखरच एकहि शाखा सांपडत नाहीं, अशा थोड्यांना यकृतारोपण हाच मार्ग राहतो.

बारामती आणि इंदापूर येथल्या घरांत हा रोग येतो तेव्हां तो स्वतःचें नांव सांगत येत नाहीं. इंदापूरकडील एखाद्या वस्तीवरचें सातआठ वर्षांचें मूल शाळेच्या वाटेवर धापा टाकूं लागतें, त्याचीं नखें निळसर दिसतात, बोटांचीं टोकें फुगीर होतात. निळें मूल म्हणजे हृदयाचा दोष, ही समजूत बहुधा खरी ठरते म्हणूनच ती दृढ झाली आहे. मूल हृदयाच्या डॉक्टरांकडे जातें, हृदय निर्दोष निघतें, आणि आईबापांस हायसें वाटून तें घरीं परततें. वस्तुतः यकृतानें न गाळलेलीं द्रव्यें त्याच्या फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्या सैल करीत असतात, व रक्त प्राणवायु न घेतांच पुढें निसटतें. दुसऱ्या एखाद्या मुलांत याच्या नेमकें उलट होऊन त्या वाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. तिसऱ्याचें पोट दुखतें म्हणून सोनोग्राफी होते व यकृतांत गांठी दिसतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात, पण सर्वच नव्हे. चौथा नुसता ‘अभ्यासांत मागें’ म्हणून मार खातो.

या मुलांची वाट पूर्वींइतकी दूरची राहिलेली नाहीं. बारामतीस सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शाळांत एकदां मुलें तपासतात. बोटास लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारी चिमटीसारखी डबी आज तालुक्याच्याहि खालीं पोंचली आहे, आणि डॉप्लर असलेली सोनोग्राफी बारामतीस आहे. शेवटची शस्त्रक्रिया पुण्यामुंबईस व्हावयाची, आणि बारामतीहून पुणें सुमारें शंभर किलोमीटर, इंदापुराहून त्याहूनहि दूर. तरी अंतर हा आज मोठा अडसर नव्हे. अडसर आहे तो संशय न येण्याचा. निळीं नखें आणि निर्दोष हृदय, किंवा गांठी आणि दारूचा वा काविळीचा इतिहास नाहीं, अशी जोडी दिसली असतां पोर्टल नीलेचा प्रवाह पाहावा व रक्तांतील अमोनिया मोजावा, एवढेंच करावयाचें असतें.

ज्या मुलास कांहींच त्रास नाहीं, पण आडवाट योगायोगानें सांपडली, तिचें काय करावें याविषयीं अजून एकमत नाहीं. दोन वर्षांच्या आंतील बारीक वाट आपोआप बुजते कीं काय हें पाहत राहावें, हें बहुतेकांस मान्य आहे. त्यापुढें उघडी राहिली तर त्रासाची वाट न पाहतां ती बंद करावी, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष वाढत चालला आहे. त्यांचा आधार असा कीं, बंद केल्यावर सर्वच परिणाम सारखे मागें फिरत नाहींत. अमोनिया थोड्याच दिवसांत उतरतो व मूल तरतरीत होतें. नखांचा निळेपणा कांहीं महिन्यांत जातो. यकृतांतील गांठी पुष्कळदां आकसतात, तरी त्यांवर वर्षानुवर्षें नजर ठेवावी लागते. आकसलेल्या फुप्फुस-वाहिन्यांतील दाब मात्र एकदां वाढला म्हणजे आडवाट बंद झाल्यावरहि बहुधा टिकून राहतो, आणि त्यासाठीं त्या मुलास पुढें औषधें घेतच राहावें लागतें.